लुई, गोतिए, आर्माँ : फ्रेंच मुलग्यांच्या नावांतले योद्धे

गेल्या काही महिन्यांत फ्रेंच नावांविषयी बरीच पत्रे आली. विषय एकच असल्याने त्यांतली निवडक पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्या आधारावर उभी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी फ्रान्समध्ये लिओंला असते आणि जावई फ्रेंच आहेत. त्यांच्याकडे लवकरच बाळ येणार आहे. मुलगा झाला तर त्याचे नाव फ्रेंच ठेवायचे असे दोघांनी ठरवले आहे आणि त्याला माझी काहीच हरकत नाही; नावाला वीराचा, योद्ध्याचा अर्थ असावा एवढीच माझी इच्छा आहे. इंटरनेटवर अशा नावांच्या लांबलचक याद्या मिळतात आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'शूर योद्धा' असे लिहिलेले असते. यांतल्या कोणत्या नावांवर विश्वास ठेवावा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. त्या याद्यांतली बरीच नावे खरोखरच युद्धाशी नाते सांगतात, पण 'शूर योद्धा' हा नेमका अर्थ त्यांच्यापैकी क्वचितच एखाद्या नावाचा असेल. ही नावे घडली कशी हे एकदा लक्षात आले की कोणतीही यादी आपली आपल्याला पारखून घेता येते, म्हणून थोडे मागे जाऊ.

फ्रेंच भाषा लॅटिनपासून निघाली असली, तरी फ्रान्समधली बहुतेक वीरवाचक नावे लॅटिन नाहीत. पाचव्या शतकात पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य ढासळत असताना ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यातले फ्रँक लोक गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये पसरले. त्यांची बोली जर्मॅनिक कुळातली होती. पुढच्या काही शतकांत त्यांनी प्रजेची भाषा स्वीकारली आणि प्रजेने मात्र राज्यकर्त्यांची नावे स्वीकारली. त्यामुळे लॅटिन वळणाची भाषा बोलणाऱ्या देशात जर्मॅनिक नावांची चलती झाली, आणि ती आजतागायत टिकून आहे.

या फ्रँक नावांची घडण अगदी ठरावीक होती. प्रत्येक नाव दोन शब्दांचे, आणि हे शब्द एका मर्यादित साठ्यातून उचललेले असत. त्या साठ्यात 'विग', 'हिल्ड' आणि 'गुन्द' हे तिन्ही शब्द लढाईचे होते, 'हेरी' म्हणजे सैन्य, 'गेर' म्हणजे भाला, 'हेल्म' म्हणजे शिरस्त्राण, 'हार्ड' म्हणजे कणखर आणि 'बाल्ड' म्हणजे धीट. त्यांच्या जोडीला कीर्ती, सत्ता, तेज, लोक अशा अर्थांचे शब्द होते आणि अस्वल, लांडगा, गरुड, कावळा हे प्राणी-पक्षीही होते. मूल जन्मले की आईच्या, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावातला एक तुकडा घ्यायचा आणि त्याला साठ्यातला दुसरा तुकडा जोडायचा, अशी ही रीत होती. दोन तुकड्यांचा मिळून एक सुसंगत अर्थ निघालाच पाहिजे असा आग्रह नव्हता. मूल कोणत्या घरातले आहे हे नावावरून ओळखू यावे याला महत्त्व होते.

एक घर जवळून पाहू. शिल्देरिक हा फ्रँकांचा राजा. त्याचे नाव 'हिल्ड' म्हणजे लढाई आणि 'रिक' म्हणजे सत्ता यांतून बनले आहे. त्याची कबर 1653 साली आजच्या बेल्जियममधल्या तुर्ने गावी बांधकामाचे खोदकाम चालू असताना सापडली. तिच्यात सोन्याची मुद्रा-अंगठी होती; तिच्यावर लांब केसांचा, हातात भाला धरलेला राजा कोरलेला होता आणि भोवती लॅटिनमध्ये 'राजा शिल्देरिक याची' एवढी अक्षरे होती. या शिल्देरिकचा मुलगा क्लोविस, म्हणजे 'ख्लोद' अधिक 'विग', अर्थात कीर्ती आणि लढाई. क्लोविसच्या राणीचे नाव क्लोतिल्द, त्यातही कीर्ती आणि लढाई, फक्त लढाईचा शब्द निराळा. त्यांच्या मुलांपैकी क्लोदोमिर आणि क्लोतेर यांनी कीर्तीचा तुकडा घेतला, तर शिल्देबेरच्या वाट्याला आजोबांचा लढाईचा तुकडा आला. एकाच कुटुंबात तेच तीन-चार शब्द पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलेले इथे स्पष्ट दिसतात. म्हणून लुई किंवा क्लोविस या नावाचा अर्थ सांगताना 'कीर्ती' आणि 'लढाई' हे दोन शब्द सांगावेत. 'कीर्तिमान योद्धा' ही आपण नंतर केलेली जुळवणी आहे.

आता आपल्या कामाची नावे. लुई तर वर आलेच. गोतिए या नावात सत्ता आणि सैन्य आहे, म्हणजे सेनेवर हुकूम चालवणारा. अर्थाच्या दृष्टीने मला हे सर्वांत भरीव नाव वाटते. आर्माँ म्हणजे सरळ सरळ सैन्यातला माणूस, आणि योद्धा या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारे नाव हेच. ला रोशेल शहराला वेढा घालणारे, राजाचे मंत्री कार्दिनाल रिशलिए यांचे जन्मनाव आर्माँ-जाँ होते. गियोम या नावात इच्छाशक्ती आणि शिरस्त्राण आहे. जेरारमध्ये भाला आणि कणखरपणा, रोजेमध्ये कीर्ती आणि भाला, गोंत्राँमध्ये लढाई आणि कावळा. शेवटची जोडी विचित्र वाटेल, पण रणभूमीवर घिरट्या घालणारा कावळा हा जर्मॅनिक लोकांच्या कल्पनेत युद्धाचा सोबती होता, त्यामुळे त्या काळी हे नाव मानाचे ठरले. सहाव्या शतकात बर्गंडीवर राज्य करणाऱ्या गोंत्राँ राजाला पुढे संतपद मिळाले. तिबो म्हणजे लोकांमध्ये धीट, बोदुआँ म्हणजे धीट आणि मित्र, बेर्नार म्हणजे अस्वल आणि कणखर. ही सगळी नावे आपण निःशंकपणे वीरवाचक मानू शकता.

याद्यांत हमखास घुसणारी, पण या गटात न बसणारी नावेही सांगतो. शार्ल म्हणजे पुरुष, आँरी म्हणजे घराचा धनी, रोबेर म्हणजे कीर्तीने तेजस्वी, युग म्हणजे मन किंवा बुद्धी. जोर्ज हे सैनिक संताचे नाव असले तरी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शेतकरी असा आहे. नाव धारण करणारा माणूस पराक्रमी होता म्हणून नावाचाच अर्थ पराक्रमी असे गृहीत धरले की ही गफलत होते.

अर्थाइतकीच आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल, ती म्हणजे नावाचे वय. रोजे, जेरार आणि बेर्नार ही नावे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्याला फ्रान्समध्ये घरोघरी होती, त्यामुळे आज ती ऐकली की फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे आजोबा उभे राहतात. नवजात मुलांना ती आता क्वचितच दिली जातात. लुईचे तसे झाले नाही. मधली काही दशके ते मागे पडले होते, पण आज फ्रान्समध्ये मुलग्यांच्या सर्वाधिक पसंतीच्या नावांत ते पुन्हा वरच्या रांगेत आहे. गोतिए, तिबो आणि आर्माँ ही नावे तुलनेने कमी आढळतात, पण कानाला जुनाट वाटत नाहीत. अर्थ, उच्चार आणि चलन या तिन्ही कसोट्यांवर मी लुई किंवा गोतिए सुचवीन. आजीच्या तोंडी लुई हे नाव पहिल्या दिवसापासून सहज बसेल, हाही त्याचा गुणच आहे.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. क्लोविस आणि लुई हे एकच नाव असल्याचे वाचले. तसे असेल तर फ्रेंच राजांच्या क्रमांकात क्लोविसला पहिला लुई का म्हणत नाहीत, आणि इतक्या राजांनी हेच नाव का घेतले?

उत्तर : नाव एकच आहे, हे खरे. क्लोविसचे नाव त्याच्या काळी 'ख्लोदोविग' अशा काहीशा उच्चाराने घेतले जात असावे. लॅटिन लेखकांनी सुरुवातीचा 'ख' टिकवला आणि त्या लिखाणातून पुढच्या इतिहासकारांनी क्लोविस हे रूप घेतले. लोकांच्या बोलण्यात मात्र तो 'ख' गळून पडला, मधली व्यंजनेही झिजली आणि लुई उरले. ही झीज चालू असतानाचा एक लेखी पुरावा सुदैवाने शिल्लक आहे. 842 साली फ्रँक सम्राट शार्लमान्यच्या दोन नातवांनी, म्हणजे जर्मनीचा लुई आणि टकला शार्ल यांनी, आपला थोरला भाऊ लोतेर याच्याविरुद्ध एकजूट राहण्याच्या शपथा स्ट्रासबर्ग येथे घेतल्या. जुन्या फ्रेंचचा पहिला नमुना मानल्या जाणाऱ्या त्या मजकुरात लुईचे नाव 'लोधुविग्स' असे लिहिलेले आहे. 'ख' गेलेला आहे, पण 'विग' म्हणजे लढाई अजून शाबूत आहे.

लुई हे नाव राजघराण्यात रुजले ते योगायोगाने नव्हे. क्लोविसच्या मेरोव्हिंजियन घराण्याकडून गादी काढून घेणाऱ्या घराण्यात शार्लमान्य जन्मला. स्वतःच्या पूर्वजांत शार्ल आणि पेपँ हीच नावे फिरत असताना 778 साली झालेल्या जुळ्या मुलांची नावे त्याने लुई आणि लोतेर अशी ठेवली, म्हणजे क्लोविस आणि क्लोतेर हीच जुनी राजनावे नव्या उच्चारात उचलली. ज्यांना पदच्युत केले त्यांच्या वैभवाचे वारस आपणच, हे सांगण्याची ती रीत होती. लोतेर बाळपणीच वारला. लुई 814 साली गादीवर आला आणि क्रमांकांची मोजणी त्याच्यापासून सुरू झाली. क्लोविसचे रूप तोवर वेगळे पडले होते, त्यामुळे तो त्या मोजणीत आला नाही.

पुढे कापे घराण्यातला नववा लुई 1270 साली धर्मयुद्धाच्या (क्रूसेडच्या) मोहिमेवर ट्युनिसजवळ मरण पावला आणि 1297 साली त्याला संत घोषित करण्यात आले. एकाच नावात क्लोविसचा वारसा आणि घरातलाच संत अशी सांगड पडल्यावर नंतरच्या राजांना दुसरे नाव शोधण्याचे कारण उरले नाही. मोजणी अठरापर्यंत गेली, पण राज्य करणारे सतराच, कारण सतरावा लुई राज्यक्रांतीच्या काळात कैदेतच 1795 साली बालवयात मरण पावला. त्याच्या वडिलांवर, सोळाव्या लुईवर, खटला चालला तेव्हा त्यांना राजा न म्हणता 'लुई कापे' म्हणून पुकारले गेले. बिरुदे आणि क्रमांक काढून घेतले गेले, तरी लुई हे जन्मनाव तेवढे राहिले.

प्रश्न : पहिल्या धर्मयुद्धाच्या काळातल्या फ्रान्सवर किशोरांसाठी कादंबरी लिहीत आहे. माझ्या सैनिकांना अर्थपूर्ण आणि त्या काळाला शोभतील अशी नावे हवी आहेत. व्हर्सेंजेतोरिक्ससारखे भारदस्त नाव चालेल का?

उत्तर : ते नाव वापरू नये. व्हर्सेंजेतोरिक्स हे फ्रँकांच्याही आधीचे, गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतले नाव आहे. 'व्हर' म्हणजे वरचा, 'सेंजेतो' म्हणजे योद्धे आणि 'रिक्स' म्हणजे राजा, असे त्याचे तीन भाग आहेत. योद्ध्यांचा सर्वश्रेष्ठ राजा, असा अर्थ होतो. युद्धवाचक अर्थाच्या बाबतीत फ्रान्सच्या भूमीवरचे दुसरे कोणतेही नाव त्याच्या तोडीचे नाही. पण हा वीर इसवी सनापूर्वी 52 साली आलेसियाच्या वेढ्यात सीझरला शरण गेला आणि इसवी सनापूर्वी 46 साली रोममध्ये मारला गेला. त्यानंतर त्याचे स्मरण जवळपास पुसले गेले होते, ते एकोणिसाव्या शतकात पुन्हा जागे झाले; आलिझ-सँत-रेन येथला त्याचा भव्य पुतळा तिसऱ्या नेपोलियनने 1865 साली उभारला. अकराव्या शतकातल्या सैनिकाला हे नाव ठाऊक असण्याचाही संभव फार थोडा आहे.

आपल्या काळासाठी गियोम, गोतिए, बेर्त्राँ, बोदुआँ, तिबो, रोजे, रोलाँ, राऊल ही नावे अगदी अचूक बसतात. राऊलमध्ये मसलत आणि लांडगा हे शब्द आहेत, म्हणजे डोके शांत ठेवून लढणाऱ्या पात्राला ते शोभेल. गोतिए हे नाव आपल्या विषयातच सापडते: 1096 साली राजेरजवाड्यांच्या फौजांआधी निघालेल्या सामान्य यात्रेकरूंच्या लोंढ्याचे नेतृत्व करणाऱ्यांत 'निर्धन गोतिए' म्हणून ओळखला जाणारा सरदार होता आणि त्याच वर्षी तो आशिया मायनरमध्ये तुर्कांशी लढताना पडला. सेनेवर सत्ता चालवणाऱ्याचे नाव आणि हाताशी नीट सेनाच नाही, ही त्याची शोकांतिका किशोरवाचकांना जरूर सांगण्यासारखी आहे.

मुख्य सेनानीच्या बाबतीत तर इतिहासानेच विलक्षण निवड केली आहे. 1099 साली जेरुसलेम घेणाऱ्या फौजांचे प्रमुख नेते गोदफ्रुआ; त्यांच्या नावाचे दोन तुकडे म्हणजे देव आणि शांती. त्यांच्यामागून जेरुसलेमचा राजा म्हणून 1100 साली अभिषेक झालेला त्यांचा भाऊ बोदुआँ मात्र नावानेही धीट होता.

एक व्यावहारिक सूचना करतो. त्या काळी नावांचा साठा फार आक्रसला होता. पूर्वीची तुकडे जोडण्याची रीत मागे पडली होती आणि सरदार, राजे, संत यांची तयार नावेच पुन्हापुन्हा दिली जात होती. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या गियोमनंतर तर त्या नावाचा पूर आला. 1171 च्या नाताळात नॉर्मंडीतल्या ब्यूर येथे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या तरुण मुलाच्या दरबारी मेजवानी होती; तिथे गियोम नावाच्या दोघा सरदारांनी एका दालनात फक्त गियोम नावाच्या माणसांनीच जेवायला बसावे असे ठरवले, आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढल्यावरही शंभराहून अधिक गियोम सरदार आत उरले, असे त्या काळच्या इतिवृत्तकाराने नोंदवले आहे. म्हणून आपल्या तुकडीतही एकाच नावाचे दोघे-तिघे असू द्यावेत आणि त्यांना गावावरून, केसांच्या रंगावरून, धंद्यावरून किंवा अंगातल्या खोडीवरून उपनावे द्यावीत. बारा सैनिकांना बारा वेगळी नावे दिलीत तर तो काळ खरा वाटणार नाही. नॉर्मंडीतल्या गियोमला इंग्लंडमध्ये विल्यम का म्हणतात हेही एखाद्या पात्राकडून वदवता येईल: मूळच्या 'विलहेल्म'मधल्या 'व'चा फ्रान्सच्या बऱ्याच भागांत 'ग' झाला, तसाच 'वाल्टर'चा गोतिए झाला, पण उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीने 'व' राखला आणि तोच समुद्र ओलांडून गेला.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात मार्तें या नावावरून वाद झाला. एक सदस्य म्हणतात की ते युद्धदेवाचे नाव आहे, दुसरे म्हणतात की ते गरिबांना वस्त्र देणाऱ्या संताचे आहे. खरे कोणते? अशी आणखी लॅटिन किंवा ग्रीक नावे आहेत का?

उत्तर : दोघेही बरोबर आहेत. मार्तें म्हणजे मार्सचा, आणि मार्स हा रोमनांचा युद्धदेव. मार्सियाल हे नावही तिथूनच आले, आणि मार्क व त्यापासून झालेले मार्सेल यांचे मूळही त्याच देवाशी जोडले जाते. ज्याच्यामुळे हे नाव फ्रान्सभर पसरले तो मार्तें चौथ्या शतकातला, रोमन सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. तो स्वतःही घोडदळात होता. आमियाँ शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, ही कथा फ्रान्समधल्या असंख्य चर्चच्या भिंतींवर आणि काचचित्रांत आहे. पुढे त्याने शस्त्र सोडले, तो तूरचा बिशप झाला आणि 397 साली वारला. आज मार्तें हे फ्रान्समधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. 11 नोव्हेंबर हा त्याचा सणाचा दिवस, आणि 1918 साली पहिल्या महायुद्धातला युद्धविरामही त्याच तारखेला झाला. युद्धदेवाचे नाव घेऊन शस्त्र खाली ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि या सदरातल्या सगळ्या नावांत मुलाला सांगण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट त्याच्याच नावामागे आहे असे माझे मत आहे.

इतर नावांत विक्तोर म्हणजे विजेता आणि वँसाँ म्हणजे जिंकणारा, ही दोन्ही लॅटिन आहेत. आलेक्साँद्र म्हणजे माणसांचे रक्षण करणारा, निकोला म्हणजे लोकांचा विजय आणि आँद्रे म्हणजे पौरुष असलेला, ही ग्रीक आहेत. गेली काही वर्षे फ्रान्समध्ये मुलग्यांच्या नावांत अग्रभागी असलेले गाब्रिएल हे नाव हिब्रू आहे आणि त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ बलवान पुरुष असा होतो. त्याला वीरवाचक म्हणायला हरकत नाही.

आपल्या मंडळात पत्ते खेळले जात असतील तर एक गंमत पाहा. फ्रान्समध्ये छापलेल्या पत्त्यांवर चित्रांशेजारी नावे असतात. किलवरचा राजा आलेक्साँद्र, चौकटचा सेझार, बदामचा शार्ल आणि इस्पिकचा दाविद. गुलामांत चौकटचा एक्तोर हा ट्रॉयचा रक्षक, किलवरचा लाँस्लो हा आर्थर राजाच्या कथांमधला सरदार, इस्पिकचा ओजिए हा शार्लमान्यच्या कथांमधला वीर, आणि बदामचा ला इर हा तर जान दार्कच्या, म्हणजे जोन ऑफ आर्कच्या, बाजूने प्रत्यक्ष लढलेला सेनानी. फ्रेंच मुलांना ही वीरनावे इतिहासाच्या तासाआधी पत्त्यांतूनच भेटतात.

प्रश्न : मुलींसाठी अशी नावे नाहीत का?

उत्तर : आहेत, आणि ती मुलग्यांच्या नावांहून कमी लढाऊ नाहीत. क्लोतिल्द वर आलीच. मातिल्द म्हणजे सामर्थ्य आणि लढाई. लुईझ हे लुईचेच स्त्रीरूप असून आज फ्रान्समध्ये ते अतिशय लोकप्रिय आहे. जर्मॅनिक नावांत लढाईचा 'हिल्ड' हा शब्द तर स्त्रियांच्याच नावांच्या शेवटी जास्त येतो.

प्रश्न : आम्ही दोघे फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रेतान्य प्रांतात नोकरी करतो आणि आमचे बाळ तिथेच जन्मणार आहे. शेजाऱ्यांनी ताँगी हे ब्रेतॉन नाव सुचवले आणि त्याचा अर्थ योद्धा असल्याचे सांगितले. हे खरे आहे का? आणि नावनोंदणीत तिथले सरकार आडकाठी करते का?

उत्तर : अर्थ खरा आहे, पण थोडा वळसा घेऊन येतो. ब्रेतॉन भाषेत 'तान' म्हणजे आग आणि 'की' म्हणजे कुत्रा. जुन्या केल्टिक परंपरेत कुत्रा ही योद्ध्याला दिलेली मानाची उपमा होती. आयर्लंडच्या कथांमधल्या सर्वांत मोठ्या वीराच्या नावातही 'शिकारी कुत्रा' हाच शब्द आहे. त्यामुळे ताँगी म्हणजे आगीसारखा योद्धा, असे म्हणता येते. मात्र एक गोष्ट शेजाऱ्यांनी कदाचित सांगितली नसेल. 2001 साली या नावाचा एक फ्रेंच चित्रपट आला. त्याचा नायक शिकूनसवरून मोठा झाला तरी आईवडिलांचे घर सोडायला तयार नसतो. तेव्हापासून घर न सोडणाऱ्या प्रौढ मुलाला फ्रान्समध्ये सर्रास 'ताँगी' म्हणतात. ब्रेतान्यमध्ये नावाचा जुना मान टिकून आहे, पण मुलगा पुढे पॅरिसला किंवा अन्यत्र गेला तर ही थट्टा त्याच्या वाट्याला येईल, हे धरून निर्णय घ्यावा. अस्वल आणि राजपुत्र या दोन शब्दांतून झालेले आर्मेल हे तिथलेच दुसरे नाव आहे आणि त्याला असा कोणताही डाग नाही. ब्रेतान्यमध्ये त्या नावाचे संतही होऊन गेले.

सरकारी नियमांचे म्हणाल तर ते आता सैल आहेत. 1803 च्या कायद्याने फक्त निरनिराळ्या दिनदर्शिकांतली आणि प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावेच नोंदवता येत. त्या काळात ब्रेतॉन नावे नाकारली गेली, आणि एका कुटुंबाने ती बदलण्यास नकार दिल्याने त्यांच्या काही मुलांची अधिकृत नोंद कित्येक वर्षे होऊ शकली नाही. 1966 च्या शासकीय सूचनेने प्रादेशिक नावांना वाट करून दिली आणि 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने निवड पूर्णपणे आईवडिलांवर सोपवली. आता नोंदणी अधिकारी स्वतः नाव नाकारू शकत नाही. एखादे नाव मुलाच्या हिताला बाधक वाटले तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय कौटुंबिक न्यायाधीश देतात. ताँगी, आर्मेल किंवा वर आलेल्या कोणत्याही नावाबाबत असे काही घडण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कामात तीन गोष्टी सांभाळाव्यात. बाळ जन्मल्यावर पाच दिवसांच्या आत, जिथे ते जन्मले त्या गावाच्या किंवा शहराच्या नगरपालिका कार्यालयात नोंद करावी लागते. जन्माचा दिवस त्यात धरत नाहीत. नाव लिहून देताना फ्रेंचमध्ये चालणारी उच्चारचिन्हे जागच्या जागी आहेत ना हे स्वतः तपासावे, कारण चिन्ह सुटले तर ते पुढे प्रत्येक कागदावर सुटलेलेच राहते. आणि एकाच मुलाची दोन-तीन नावे नोंदवता येतात, शिवाय त्यांतले कोणतेही नाव रोजच्या वापरासाठी निवडण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. तेव्हा ताँगी मनात भरलेच असेल तर त्याच्या जोडीला लुई किंवा मार्तें नोंदवून ठेवावे, म्हणजे मोठेपणी कोणत्या नावाने ओळखले जायचे ते मुलाला स्वतः ठरवता येईल.